अलॉयला क्रोम करून घेण्याआधी

सांगली-मिरज रस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे. टायर बदलणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट एवढंच काम. तरी महिन्यातून दोन-तीन जण अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, घेऊन येतात आणि विचारतात, "याला क्रोम कुठं करून मिळंल?" बहुतेकांची ही पहिलीच वेळ असते. त्यांना उभ्या उभ्या जे सांगतो, तेच इथं नीट लिहून काढतोय.

गेल्या पावसाळ्यात तासगाव बाजूचे एक द्राक्ष बागायतदार गाडी घेऊन आले. "दर आठ दिवसाला हवा भरतोय बघा. पंक्चर तर कुठंच सापडंना." चाक पाण्यात बुडवलं. खिळा नव्हता, व्हॉल्व्ह ठीक होता. बुडबुडे येत होते ते टायर आणि रिम जिथं एकमेकांना टेकतात त्या कडेतून. टायर उतरवला तर कडेवरचं क्रोम कांद्याच्या सालीसारखं सुटलेलं. नखानं उचललं तर बोटभर पापुद्रा हातात आला आणि त्याखाली पांढरी भुकटी. ती भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंज. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कंपनीतून आलेल्या अलॉयवर बाहेरगावी क्रोम करून घेतलं होतं. एक चाक बघितल्यावर बाकीची तीन काढली, ती पण तशीच निघाली.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. क्रोम प्लेटिंग म्हणजे नुसता क्रोमचा थर नसतो. खाली तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमियम, तेही एका मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, पातळ. आरशासारखी चमक दिसते त्यात मोठा वाटा खालच्या निकेलचा असतो. लोखंडावर हे थर चांगले बसतात. अ‍ॅल्युमिनियमवर मात्र हवेचा स्पर्श झाला की लगेच ऑक्साइडचा पडदा तयार होतो आणि त्यावर प्लेटिंग धरत नाही. म्हणून आधी जस्ताच्या द्रावणात बुडवून तो पडदा घालवावा लागतो, ज्याला झिंकेट म्हणतात, आणि ते काम चोख झालं तरच पुढचं टिकतं. ट्रॅक्टरचे आणि बुलेटचे लोखंडी भाग उत्तम करणाऱ्या माणसाला अलॉयचा सराव असेलच असं नाही. त्यातून प्लेटिंगला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं, पाणी आत गेलं, की अ‍ॅल्युमिनियम आणि निकेल यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. वरचं क्रोम चमकत राहतं, खाली चाक पोखरलं जातं.

दुसरी गोष्ट आरोग्याची. पारंपरिक क्रोमच्या टाकीत सहा संयुजी क्रोमियम असतं. त्यानं माणसाला कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं पहिल्या गटात नोंदवलेलं आहे, म्हणजे त्यात शंका उरलेली नाही. टाकीवर उभा राहणारा पोरगा ती वाफ छातीत घेतो. सांडपाण्यावर प्रक्रिया झाली नाही तर ते शेवटी ओढ्यानाल्यातून नदीलाच जातं, आणि सांगली पाणी पिते ते कृष्णेचं. माझ्या चार चाकांच्या चकाकीसाठी एवढं मोल मला पटत नाही, म्हणून मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो की दुसरं काहीतरी करू.

पहिलं काम: आपलं चाक कशाचं आहे ते ओळखा

एक साधं लोहचुंबक घ्या. चिकटलं तर लोखंडी डिस्क, नाही चिकटलं तर अलॉय. टिचकी मारल्यावर प्लास्टिकसारखा पोकळ आवाज आला तर वर नुसतं कव्हर बसवलेलं आहे. लोखंडी डिस्क असेल तर फार विचार करू नका. तारेच्या ब्रशनं गंज काढा, प्राइमर मारा, काळा किंवा सिल्व्हर रंग द्या आणि मापाची व्हील कॅप बसवा. कॅपच्या मागं केबल टाय बांधा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ती उसाच्या फडात जाते. क्रोमसारखी चमकणारी कॅपसुद्धा बाजारात मिळते आणि दोन-तीन वर्षांनी खराब झाली तर बदलता येते. कमी पैशात चमक हवी असेल तर माझ्या मते यापेक्षा शहाणपणाचा मार्ग नाही.

पुढचं सगळं अलॉयसाठी आहे.

दुसरं काम: रंगाआधी तब्येत बघा

टायर उतरवून चाक आतून-बाहेरून धुवा. आतली बाजू, म्हणजे ब्रेककडची, ती तर बारा महिने कुणी बघत नाही. आरा जिथं कडेला मिळतो तिथं बोट फिरवा, बॅटरीच्या उजेडात तिरकं बघा. केसाएवढी रेघ दिसली तर ती रंगाची तडा आहे की धातूची, हे कळलंच पाहिजे. लाल डाय मारून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर मारला की धातूतली तडा लाल रेघ होऊन वर येते. फॅब्रिकेशनच्या कामात ही डाय नेहमी वापरतात, छोट्या डब्यात मिळते. मग चाक बॅलन्सिंग मशिनवर फिरवा. कड लपलपत असेल तर चाक वाकलेलं आहे.

तडा गेलेलं चाक भंगारात द्या. वेल्डिंग करून वर सुंदर रंग चढवलेलं चाक मी स्वतः टायर उतरवताना दोनदा पकडलंय, आणि दोन्ही वेळा मालकाला त्याचा पत्ता नव्हता, कारण त्यानं ते जुन्यात घेतलं होतं. 

आधीच क्रोम असलेलं चाक असेल तर ते क्रोम पूर्ण काढावं लागतं. त्याच्यावरून मारलेली पावडर किंवा रंग धरत नाही, टिकल्या निघतात. काढण्याचं काम प्लेटिंगवालाच रसायनानं करू शकतो, आणि खाली बऱ्याचदा खड्डे पडलेले सापडतात. तासगावच्या त्या दादांना मी तेच सांगितलं: यात पैसे घालू नका, कंपनीचे साधे चांगले अलॉय बघा आणि त्यावर काम करून घ्या.

तिसरं काम: काय करायचं ते ठरवा

आपल्या भागातल्या गाडीला काय काय सोसावं लागतं ते आधी डोळ्यासमोर आणा. जून ते सप्टेंबर काळ्या मातीचा चिखल आऱ्यांमध्ये भरून वाळतो. शेतात जाणारी गाडी असेल तर पोटॅशच्या पिशव्या डिकीत, म्हणजे धातू खाणारं क्लोराइड आलं. आणि द्राक्षबागेत बुरशीवर फवारतात ते बोर्डो. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठ. ते उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर पडलं की तांबं पृष्ठभागावर बसतं आणि त्याच्या आजूबाजूचं अ‍ॅल्युमिनियम टाचणीच्या टोकासारखं खात जातं. चुनाही अ‍ॅल्युमिनियमला सोडत नाही. बागायतदारांच्या चाकांवर निळसर डाग आणि त्याखाली बारीक खड्डे, हे माझ्या दुकानातलं नेहमीचं दृश्य आहे. तेव्हा आपल्याकडं जे वेष्टण सलग, जाड आणि न तडकणारं असेल तेच कामाचं.

म्हणून माझी पहिली पसंती पावडर कोटिंगला. कपाट, ग्रिल, शेतीअवजारं यांना करतात तीच पद्धत. कोरड्या पावडरला विद्युतभार देऊन ती चाकावर उडवतात, मग भट्टीत वितळवून तिचा एकसंध थर करतात. एका थराची जाडी साधारण 60 ते 80 मायक्रॉन. खडी उडाली, टायर लिव्हर घासला, तरी सहज निघत नाही. द्रावक नसल्यामुळं वास आणि वाफेचा त्रासही कमी. सिल्व्हर, गनमेटल, काळा, हवा तो रंग मिळतो. आरसा मात्र मिळत नाही. "क्रोम पावडर" नावाची पावडर असते, ती भट्टीतून निघाल्यावर अगदी क्रोमसारखी दिसते, पण हाताचे ठसे उमटतात आणि घासली जाते. तिला वाचवायला वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारलं की ती चमक उतरून चांगल्या सिल्व्हरवर येते. दुकानदार क्लिअर न मारलेला नमुना दाखवतो. तुम्ही क्लिअर मारलेला मागा आणि तो बघून ठरवा.

डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडचा पीयू रंग हा दुसरा पर्याय. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर इपॉक्सी प्राइमर, मग रंग, मग दोन घटकांचं क्लिअर. काळ्या चकचकीत थरावर अगदी पातळ सिल्व्हर फवारून वर क्लिअर दिलं तर त्याला हायपर सिल्व्हर म्हणतात. क्रोमच्या खोलीचा भास यातच सगळ्यात चांगला येतो. भट्टी लागत नाही हा याचा मोठा फायदा, आणि कुठं घासलं तर तेवढ्यापुरतं दुरुस्त होतं. खडीपुढं मात्र पावडरइतका टिकत नाही. पुट्टीनं मोठे घाव भरून देतो म्हणाला तर नको म्हणा, तापल्यावर ती सुटते.

ज्यांना खरोखर धातूचीच चमक हवी आहे त्यांनी पॉलिश करावं. हे काम मी हातानं केलंय, मला ते मनापासून आवडतं, म्हणून जरा खुलवून सांगतो. आधी रसायनानं जुनं लॅकर पूर्ण काढायचं. मग पाणी लावून 320 नंबरचा पेपर, पुढं 600, 1000, 1500, 2000. प्रत्येक नंबरला घासायची दिशा आडवी-उभी बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे उरलेत की गेलेत हे डोळ्याला कळतं. 600 ला घाई केली तर तो ओरखडा 2000 नंतर दिसतो आणि परत मागं यावं लागतं. मग बफिंग, आधी कडक चाक आणि कापणारा कंपाउंड, नंतर मऊ सुती चाक आणि बारीक कंपाउंड. बफखाली काळं वंगणासारखं येत राहतं, कापडानं पुसलं की त्याखाली एकदम आपला चेहरा दिसतो. एका चाकाला मला अख्खा दिवस लागला होता. सैल बाही, गळ्यातला रुमाल बफजवळ नको. मास्क लावा. आणि ज्या जागी लोखंड ग्राइंड करता तिथं हे काम करू नका, कारण अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ ठिणगीनं पेटते.

पॉलिश केलेलं चाक उघडं ठेवलं तर पावसाळ्यात पंधरा दिवसांत मंद पडतं, महिन्याला हात फिरवावा लागतो. क्लिअर मारलं तर काळजी कमी होते, पण गुळगुळीत धातूवर क्लिअरची पकड कमी असते. एक खडी लागली की त्या जागेपासून क्लिअरखाली पांढऱ्या अळीसारख्या रेघा पसरतात. कंपनीतून आलेल्या डायमंड कट चाकांचंही हेच दुखणं. ती पुन्हा लेथवर कातून चकचकीत करता येतात, पण प्रत्येक वेळी धातू कमी होतो, म्हणून हे एक-दोनदाच करायचं काम आहे. बागेत जाणाऱ्या गाडीला मी पॉलिश सुचवत नाही. घरापासून ऑफिसपर्यंत जाणारी, रविवारी मालक स्वतः धुणारी गाडी असेल तर जरूर करा.

आता आरशासारखं दिसणारे दोन प्रकार. स्प्रे क्रोममध्ये काळ्या थरावर सिल्व्हर नायट्रेट आणि दुसरं द्रावण एकाच वेळी दोन नोझलमधून मारतात, आणि डोळ्यादेखत चांदीचा आरसा तयार होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत केलेला आरसा आठवा, तीच क्रिया. दिसतं फारच सुंदर. पण त्या चांदीचा जीव वरच्या क्लिअरवर अवलंबून आहे, आणि चाकावर खडी, ब्रेकची गरम धूळ, घाटातली उष्णता असते. चाकाच्या मधल्या कॅपला, लोगोला, ग्रिलला करा. चाकाला रोजच्या वापरात नको.

पीव्हीडी हा क्रोमला खरा तोडीस तोड पर्याय. चाकावर आधी गुळगुळीत पावडरचा थर, मग निर्वात पेटीत धातूचा अतिशय पातळ थर, वर पुन्हा क्लिअर. सहा संयुजी क्रोमियमची टाकी नाही, वजन वाढत नाही. पण ती पेटी महाग, हे गल्लीतल्या दुकानाचं काम नाही. घ्यायचे तर तयार पीव्हीडी अलॉय घ्या. एक लक्षात ठेवा, त्यावर ओरखडा गेला तर तेवढाच भाग दुरुस्त होत नाही.

सोलून काढता येणारा रबरी स्प्रे वर्षभर रंग आवडतोय का ते बघायला चांगला. चार-पाच थर द्या, पातळ मारला तर सोलताना तुकडे तुकडे होतात. पेट्रोल लागलं तर विरघळतो.

अनोडायझिंगबद्दल, म्हणजे विजेनं धातूवर ऑक्साइडचा जाड थर चढवण्याबद्दल, कुणी सांगितलं तर एवढंच: आपले बहुतेक अलॉय ओतीव असतात, त्यात सुमारे 7 टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळं रंग राखाडी आणि डागाळ येतो.

चौथं काम: पावडरवाल्याशी बोलणं

या लेखात दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, हे वाचा.

अलॉय मजबूत असतो तो त्याला कारखान्यात दिलेल्या उष्णतेमुळं. ओतल्यावर साधारण 540 अंशाला तापवून पाण्यात थंड करतात आणि मग 155 अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. या शेवटच्या पायरीत त्याचा कणखरपणा येतो. त्याला नंतर खूप तापवलं तर तो कणखरपणा उतरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चाक तसंच गोल, तसंच चकचकीत. खड्ड्यात गेल्यावर कळतं.

पावडर पिकवायला साधारण 180 ते 200 अंश, दहा ते वीस मिनिटं लागतात. एवढं एकदा-दोनदा चालतं. खरा धोका जुना रंग काढताना आहे. लोखंडी ग्रिलचा रंग बरेच जण 400 अंशाच्या भट्टीत किंवा गॅसच्या ज्योतीनं जाळून काढतात. अलॉयला हे कधीही करू देऊ नका. कुपवाडच्या एमआयडीसीतून अशी चार चाकं माझ्याकडं टायर चढवायला आली होती, करणाऱ्यानं अभिमानानं सांगितलं की तासाभरात रंग जाळून साफ केला. मी त्या मालकाला टायर चढवून दिले नाहीत. तो नाराज झाला, पण मला ते जमलं नसतं.

म्हणून काम देताना पुढच्या गोष्टी तोंडी ठरवून बिलाच्या पाठीवर लिहून घ्या. रंग रसायनानं काढायचा, राहिलेला बारीक ग्रिटच्या ब्लास्टिंगनं, जाळायचा नाही. ब्लास्टिंगनंतर उघड्या हातानं चाक धरायचं नाही, हाताचं तेल पावडरखाली फोड आणतं. त्यानंतर अ‍ॅल्युमिनियमसाठीची रासायनिक प्रक्रिया करायची, आणि पावडर मारण्याआधी चाक एकदा रिकामं तापवायचं. ओतीव धातूच्या बारीक छिद्रांत हवा आणि तेल अडकलेलं असतं, ते आधी बाहेर आलं नाही तर पावडरमधून बुडबुडे फुटतात आणि पृष्ठभागावर टाचणीची भोकं राहतात. ती भोकं म्हणजे बोर्डोला उघडं दार. पावडर बाहेर उन्हात टिकणारी पॉलिस्टर हवी. इपॉक्सी प्राइमर म्हणून खाली चालेल, वर एकटी राहिली तर उन्हानं पिठूळ होते. भट्टी 200 च्या वर जाऊ द्यायची नाही, कमी तापमानाला पिकणारी पावडर मिळाली तर उत्तम.

आणि मास्किंग, म्हणजे काही जागा झाकून ठेवणं. नट जिथं बसतो तो उतार, चाक हबला टेकतं तो सपाट भाग आणि मधलं भोक, या तीन जागी पावडर नको. प्राइमर, रंग आणि क्लिअर मिळून 200 मायक्रॉनच्या आसपास जातं, म्हणजे वहीच्या दोन पानांएवढी जाडी. नट आवळल्यावर हा थर हळूहळू दबतो, नट सैल होतो आणि चाक डुगडुगायला लागतं. चाक परत घेताना सगळ्यात आधी या तीन जागा बघा. तिथं चकचकीत रंग दिसला तर चाक तसंच परत द्या.

पाचवं काम: बसवणं

व्हॉल्व्ह नवे टाका. टायर प्रेशरचे सेन्सर असतील तर ते भट्टीआधी काढलेत ना, हे आधीच विचारा. बॅलन्सिंगला आतून चिकटवायची वजनं मागा, कडेवर ठोकायची नकोत, ती नव्या वेष्टणाला पहिला ओरखडा देतात. हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं साफ करा. बोल्टला ग्रीस लावू नका, त्यानं आवळण्याचा अंदाज चुकतो. नट आधी हातानं, मग ताऱ्यासारखे समोरासमोर, शेवटी टॉर्क पान्यानं. बहुतेक छोट्या गाड्यांना 85 ते 110 न्यूटन मीटर लागतं, आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा. इम्पॅक्ट गननं कडकड आवळणाऱ्याला थांबवा. 50 ते 100 किलोमीटर चालवून झाल्यावर परत या आणि नट पुन्हा तपासून घ्या. माझ्याकडं याचे पैसे लागत नाहीत, आणि बहुतेक टायरवाले घेतही नाहीत.

धुताना चाक थंड असू द्या. घाट उतरून आल्याबरोबर गार पाण्याचा फवारा मारू नका. साधा कार शॅम्पू आणि मऊ ब्रश पुरतो. वॉशिंग सेंटरवर फरशी धुवायच्या अ‍ॅसिडसारखं काहीतरी बाटलीतून मारतात, त्यानं काळं झटकन निघतं आणि वेष्टणाच्या कडेनं आतला धातूही खाल्ला जातो. माझ्या चाकांना ते नको, असं आधीच सांगा. बागेत फवारणी चालू असेल तर गाडी वारा जिकडून येतो त्या बाजूला लावा. तरी शिंतोडे आले तर घरी पोचल्यावर वाळायच्या आत साध्या पाण्यानं चाकं धुऊन काढा, आतल्या बाजूनं पण.